माइक बदलला तरी ‘घूंऽऽ’ तसाच: घरच्या पॉडकास्टमधला नॉइज मुळापासून कसा काढायचा

पॉडकास्ट सुरू करणाऱ्यांकडून सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार ठरलेली असते. आधी मोबाइलवर रेकॉर्ड केलं, तर मागे सतत घूंऽऽ. मग यूएसबी माइक घेतला. आवाज मोठा झाला, घूंही मोठा झाला. मग कुणीतरी सुचवलं म्हणून ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी डबी) आणि एक्सएलआर (तीन पिनांच्या गोल प्लगचा) माइक आला. दोन भाग नीट झाले, तिसऱ्यात घूं परत हजर. सॉफ्टवेअरमधून नॉइज काढायला गेलं, तर माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटायला लागलं.

यात पैसे जातात आणि त्याहून वाईट म्हणजे उमेद जाते. सांगण्यासारखं भरपूर असलेली माणसं चार-दोन भागांनंतर थांबतात, आणि आपल्या भाषेतला एक चांगला आवाज कमी होतो. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. माझं ठाम मत आहे की घरच्या रेकॉर्डिंगमधला बहुतेक नॉइज माइकमधून येत नाही. तो भिंतीतल्या वायरिंगमधून, खोलीतून किंवा सेटिंगमधून येतो. तिथे त्याला पकडला नाही, तर माइक कितीही महागाचा आणा, तो परत येणारच. म्हणून आधी शोध आणि मग खरेदी.

आधी एक मिनिट शांतता रेकॉर्ड करा

‘नॉइज येतोय’ एवढ्या माहितीवर कुणालाही काही सांगता येत नाही. ज्या जागी, ज्या वेळी, ज्या सामानावर तुम्ही नेहमी रेकॉर्ड करता, तिथेच सगळं लावून एक मिनिट गप्प बसा आणि ते रेकॉर्ड करा. मग वायरवाल्या हेडफोनवर ऐका. ऑडॅसिटी मोफत मिळतं. त्यात ही फाइल उघडून ‘अ‍ॅनलाइज’ मेनूतलं ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ बघा. ‘साइज’ १६३८४ किंवा त्याहून मोठा ठेवा, म्हणजे खालच्या फ्रिक्वेन्सी वेगवेगळ्या दिसतात.

५०, १००, १५०, २०० हर्ट्झ अशा ठराविक अंतरावर टोकदार उंचवटे दिसले, तर तो विजेचा हम, म्हणजेच तो घूंऽऽ, आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेतली ६० हर्ट्झची. अमेरिकेतले व्हिडिओ बघून ६० हर्ट्झचा नॉच फिल्टर (ठरलेली एकच फ्रिक्वेन्सी कापणारा) लावणारे बरेच जण ‘काहीच फरक पडत नाही’ म्हणतात, त्याचं कारण एवढंच. टोकं १००, २००, ३०० वर जास्त असतील आणि आवाज घूं ऐवजी झर्रर्र असा खरखरीत असेल, तर संशय डिमर, पंख्याचा रेग्युलेटर किंवा एखाद्या स्वस्त अडॅप्टरवर घ्या. उंचवटे नाहीत, नुसता सपाट ‘स्स्स्स’ आहे, म्हणजे गेन (माइकचा सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) जास्त ओढला जातोय. ८० हर्ट्झच्या खाली जाडसर ढिगारा असेल, तर तो पंख्याचा वारा, रस्त्यावरच्या गाड्या किंवा टेबलाचा कंप. मध्येच तुटक तुटक टर्रर्र येत असेल, तर जवळ ठेवलेला मोबाइल बघा. २जी सिग्नलवर गेलेला फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा झटके देत प्रक्षेपण करतो आणि ते माइकच्या वायरमध्ये शिरतं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवला की तो प्रश्न मिटला.

आणि शांतता स्वच्छ आहे पण बोललं की आवाज पोकळ, बाथरूममधून आल्यासारखा येतो, असं असेल तर तो नॉइज नाहीच. ती खोली आहे. तिच्याकडे नंतर येऊ.

माइक काढून बघा

विजेचा हम असेल तर पहिली चाचणी फुकटची आहे. फँटम पॉवर (इंटरफेसने केबलमधून माइकला पुरवलेली वीज) चालू असेल तर ती बंद करा, थोडं थांबा, आणि इंटरफेसला लावलेली माइकची केबल उपसून काढा. गेनचं बटण नेहमीच्या जागीच राहू द्या. आता रेकॉर्ड करा. हम तसाच आहे? मग माइक निर्दोष. गडबड इंटरफेस, यूएसबी किंवा लॅपटॉपच्या बाजूला आहे. हम गेला? मग तो माइकच्या किंवा केबलच्या वाटेने येत होता.

दुसरी चाचणी: लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढा आणि बॅटरीवर रेकॉर्ड करा. नुसतं बटण बंद करू नका, पिन काढा. घरच्या सेटअपमधल्या हमचा मोठा वाटा इथेच गळून पडतो. मोबाइलवर रेकॉर्ड करणाऱ्यांनाही हेच लागू: चार्जिंगला लावलेल्या फोनवर वायरचा माइक जोडून रेकॉर्ड करू नका.

तिसरी चाचणी थोडी त्रासाची, पण निर्णायक. लॅपटॉप बॅटरीवर ठेवून त्या खोलीचा एमसीबी पाडा आणि रेकॉर्ड करा. आवाज गेला तर एमसीबी परत चढवा आणि एकेक वस्तू चालू करत जा: दिवा, पंखा, राउटर, मॉनिटर, शेजारच्या खोलीतला फ्रिज. कोणत्या वस्तूला घूं परत येतो ते लगेच कळतं. संध्याकाळभराचं काम आहे, पण यानंतर अंदाजाने सामान घ्यावं लागत नाही.

पंख्याचा रेग्युलेटर: आपल्याकडचा ठरलेला गुन्हेगार

परदेशी गाइडमध्ये हे सापडत नाही, कारण तिथे प्रत्येक खोलीत छताचा पंखा नसतो. आपल्याकडे असतो, आणि त्याचा रेग्युलेटर बहुतेक वेळा आपण बोलायला बसतो त्याच भिंतीवर असतो.

भिंतीवरचा गोल, सलग फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर ट्रायकवर, म्हणजे झटपट चालू-बंद होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर, चालतो. तो पंख्याला कमी वीज देण्यासाठी विजेच्या लाटेचा प्रत्येक अर्धा भाग मध्येच कापतो. एका सेकंदात असे शंभर अर्धे भाग, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा झटक्याने वीज चालू होते. हे झटके भिंतीतल्या वायरमधून पसरतात आणि जवळून जाणाऱ्या माइकच्या केबलमध्ये झर्रर्र म्हणून ऐकू येतात. शिवाय अशी कापलेली वीज मिळाल्यावर पंख्याची मोटरही स्वतः गुरगुरते आणि तो आवाज हवेतून माइकमध्ये शिरतो. म्हणून लोक गोंधळतात: पंखा हळू केला तर नॉइज कमी व्हायला हवा, पण होतं उलटं. पंखा पूर्ण वेगात असताना ट्रायक जवळजवळ काहीच कापत नाही, त्यामुळे झर्रर्र कमी असतो; दोन नंबरवर आणला की वाढतो.

तुमच्याकडे असंच होत असेल, तर निदान पक्कं झालं. इलेक्ट्रिशियनला सांगून तिथे कपॅसिटरवाला स्टेप रेग्युलेटर बसवून घ्या, टक-टक करत चार-पाच पायऱ्यांत फिरतो तो. तो लाट कापत नाही. मोठ्या डब्याचा जुना रेग्युलेटर असेल तर तो वीज जाळतो, गरम होतो, पण झर्रर्र करत नाही. बीएलडीसी पंख्याला भिंतीवरचा रेग्युलेटर लागतच नाही. त्याचा वेग त्याच्या स्वतःच्या सर्किटमधून कमी-जास्त होतो. दिव्याचा डिमर असेल तर त्याचीही गोष्ट ट्रायकचीच. रेकॉर्डिंगच्या वेळी दिवा पूर्ण उजेडावर ठेवा किंवा बंद करा.

रेकॉर्डिंगला पंखा बंद ठेवणं सगळ्यात चांगलं, हे खरं. पण मे महिन्यात नागपूरला किंवा जळगावला दोन पाहुणे बसवून तासभर पंखा बंद ठेवा असं मी कुणाला सांगणार नाही. घामाघूम झालेला माणूस मोकळं बोलत नाही, आणि पॉडकास्टला शेवटी बोलणंच लागतं. रेग्युलेटर बदलून पंखा मंद ठेवणं आणि माइक तोंडाजवळ आणणं, हा जास्त माणुसकीचा उपाय.

अर्थिंग

माइकच्या धातूच्या भागाला किंवा लॅपटॉपला हात लावला की घूं कमी होतो, हात काढला की वाढतो: हे लक्षण अर्थिंगकडे बोट दाखवतं. दोन पिनांच्या चार्जरवर चालणाऱ्या धातूच्या लॅपटॉपला हात लावला की हलक्या मुंग्या आल्यासारखं होतं, तोही याचाच भाग. जुन्या चाळींत, वाड्यांत आणि कित्येक जुन्या सोसायट्यांत सॉकेट तीन पिनांचं असतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच जोडलेली नसते. इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटर लावून बघा. फेज आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज फेज-न्यूट्रलच्या जवळपास, म्हणजे २३०च्या आसपास यायला हवं. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात साधारण २-३ व्होल्टच्या आत. हे स्वतः करायला जाऊ नका.

अर्थिंग आहे पण तरीही हम आहे, असंही होतं. लॅपटॉपचा चार्जर एका भिंतीवर, स्पीकर किंवा मॉनिटर दुसऱ्या भिंतीवर, आणि दोन्ही केबलने इंटरफेसला जोडलेले. दोन ठिकाणच्या अर्थमध्ये किंचित फरक असतो, तो फरक तुमच्या ऑडिओ केबलच्या जाळीतून वाहतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. उपाय साधा: रेकॉर्डिंगला लागणाऱ्या सगळ्या वस्तू एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर, एकाच सॉकेटमधून. न लागणाऱ्या केबल, विशेषतः टीव्हीकडे जाणारी एचडीएमआय, काढून ठेवा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. हम जातो म्हणून प्लगची अर्थची पिन तोडणं किंवा दोन पिनांच्या कन्व्हर्टरमधून तीन पिनांचा प्लग लावणं, हे सल्ले सर्रास फिरतात. हम जातोही. पण उद्या आत काही बिघडलं तर तो करंट तुमच्या ओठांजवळच्या माइकमधून तुमच्यात उतरू शकतो. कुठलाही पॉडकास्ट एवढा मोलाचा नाही.

केबलबद्दल थोडक्यात: एक्सएलआर केबल बॅलन्स्ड असते. दोन तारांत एकच सिग्नल उलटसुलट जातो आणि वाटेत दोन्ही तारांत सारखाच शिरलेला हम दुसऱ्या टोकाला वजा होऊन जातो. ३.५ मिमीच्या जॅकवाल्या साध्या माइक केबलमध्ये ही सोय नसते, म्हणून ती लांब ओढू नका. ऑडिओ केबल विजेच्या वायरला समांतर नेऊ नका. ओलांडायचीच असेल तर आडवी, काटकोनात ओलांडा.

खोली

आता घुमण्याकडे. नव्या फ्लॅटमध्ये खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, वर जिप्समचं छत, एका बाजूला काचेची सरकती खिडकी आणि चारी भिंती गुळगुळीत. आवाज कुठेच शोषला जात नाही. तुमच्यापासून दीड मीटरवर असलेल्या भिंतीवरून परत येणारा आवाज माइकपर्यंत साधारण ९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. एवढ्या उशिराला कान प्रतिध्वनी म्हणून वेगळं काढत नाही; त्याला फक्त आवाज पोकळ आणि लांबचा वाटतो. म्हणून लोक म्हणतात ‘माइकची क्वालिटी नाही’, आणि नवा माइक घेतात. नवा माइक तीच भिंत आणखी स्पष्ट ऐकवतो.

खोलीच्या मधोमध एक खणखणीत टाळी वाजवा. टाळीमागे टर्रकन शेपूट ऐकू आली, तर समोरासमोरच्या दोन भिंती आवाज एकमेकींकडे फेकताहेत. अशा खोलीपेक्षा कपड्यांचं कपाट, गादी-पलंग आणि पडदे असलेली बेडरूम कितीतरी बरी. माझ्या मते घरात रेकॉर्डिंगची सर्वोत्तम जागा बहुतेकदा हीच असते, आणि लोक ती सोडून ‘स्टुडिओसारखा’ दिसावा म्हणून हॉल निवडतात.

अंड्याचे ट्रे लावू नका. ते पातळ पुठ्ठ्याचे असतात आणि बोलण्याच्या आवाजाच्या मुख्य भागावर त्यांचा काही उपयोग होत नाही. एक इंच जाडीचा फोम फक्त वरच्या फ्रिक्वेन्सी खातो. त्यामुळे घुमणं तसंच राहून आवाज उलट दबलेला वाटतो. १०० हर्ट्झची लाट सुमारे ३.४ मीटर लांब असते, तिला अडवायला जाडी लागते. कापसाची गादी भिंतीला उभी टेकवा, जाड गोधडी दोरीवर भिंतीपासून वीतभर पुढे टांगा, खाली सतरंजी अंथरा. भिंतीपासून सोडलेलं ते अंतरही काम करतं, म्हणून गोधडी भिंतीला चिकटवू नका.

आणि हे सगळं लावायचं कुठे, यात बहुतेकांची गफलत होते. लोक फोम माइकच्या मागे लावतात. पण पॉडकास्टचे बहुतेक माइक कार्डिऑइड असतात: समोरून ऐकतात, मागून जवळजवळ बहिरे. माइकचं तोंड तुमच्याकडे, म्हणजे तो तुमच्या पाठीमागची भिंत ऐकतोय. पहिली गादी तुमच्या पाठीमागे हवी. आणि जो आवाज थांबवता येत नाही, एसी, खिडकी, स्वयंपाकघराचं दार, त्याच्याकडे माइकची पाठ करा. माइक फिरवायला एक पैसा लागत नाही.

याहूनही मोठा उपाय म्हणजे अंतर. माइक आणि तोंड यांच्यातलं अंतर निम्मं केलं की तुमचा थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. खोलीचा आवाज आहे तेवढाच राहतो. एका हातभरावरून वीतभरावर आलात तरी फरक कानाला लगेच कळतो. चार बोटं ते एक वीत, हे अंतर धरा. जवळ आल्यावर प, फ, ब, भ या अक्षरांना हवेचा भपका माइकवर आदळतो, आणि आपल्या बोलण्यात ‘पण’, ‘फक्त’, ‘भाऊ’ पावलोपावली. माइक थेट तोंडासमोर न ठेवता ओठांच्या कोपऱ्याकडे तिरका ठेवा, म्हणजे आवाज पोचतो आणि हवा बाजूने निघून जाते. वर पॉप फिल्टर (हवेचा भपका अडवणारी जाळी) असेल तर उत्तमच.

आता माइक निवडा

इतकं केल्यावर खरेदीचा निर्णय सोपा होतो. ‘डायनॅमिक माइक बाहेरचा आवाज घेत नाही’ हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. ते जसंच्या तसं खरं नाही. तेवढ्याच अंतरावर, त्याच पॅटर्नचे डायनॅमिक (बाहेरून वीज न लागणारा) आणि कंडेन्सर (वीज लागणारा, जास्त संवेदनशील) माइक ठेवले, तर तुमचा आवाज आणि खोली यांचं प्रमाण साधारण सारखंच राहतं. फरक असा की डायनॅमिक माइक कमी संवेदनशील असतो, त्यामुळे तुम्हाला जवळ यावंच लागतं, आणि जवळ आल्यामुळे खोली मागे पडते. साध्या घरात मी तरी डायनॅमिकच सुचवतो, ते याच शिस्तीसाठी.

एकट्यासाठी: सॅमसन क्यू२यू, ऑडिओ-टेक्निका एटीआर२१००एक्स किंवा शुअर एमव्ही७ अशा जातीचा, यूएसबी आणि एक्सएलआर दोन्ही बाजू असलेला डायनॅमिक. आज थेट लॅपटॉपला, उद्या इंटरफेस घेतलात तरी तोच माइक चालतो. सुरुवातीला याहून जास्त काही लागत नाही. शुअर एसएम५८ १९६६पासून बनतोय, आणि जवळून बोललं तर आजही पॉडकास्टला छान चालतो.

दोघांसाठी: दोन एक्सएलआर डायनॅमिक आणि दोन माइक इनपुटचा इंटरफेस. एक माइक मध्ये ठेवून दोघांनी बोलू नका. दोघंही लांबचे वाटतात. दोन यूएसबी माइक एका लॅपटॉपला लावायचा हट्टही नको, कारण प्रत्येकाचं घड्याळ वेगळं आणि विंडोजमध्ये ते एकत्र बसवणं कटकटीचं. चार जणांच्या गप्पा असतील तर झूम पॉडट्रॅक पी४सारखा, लॅपटॉपशिवाय चालणारा रेकॉर्डर घ्या. बॅटरीवर चालवला की वीज आणि हम दोन्हीचा विषय संपला.

शुअर एसएम७बी सगळ्यांना हवा असतो, कारण कॅमेऱ्यात दिसतो. माइक उत्तमच आहे, पण त्याची संवेदनशीलता उणे ५९ डेसिबल आहे आणि त्याला किमान ६० डेसिबल गेन लागतो. बऱ्याच स्वस्त इंटरफेसवर तेवढा गेन मिळत नाही, किंवा शेवटच्या टप्प्यावर ‘स्स्स्स’ घेऊन मिळतो. मग क्लाउडलिफ्टरसारखा बूस्टर लागतो, जो स्वतः फँटम पॉवरवर चालतो. इंटरफेस घेताना म्हणूनच त्याचा माइक गेन किती डेसिबल आहे ते आधी वाचा, रंग आणि दिवे नंतर.

एका सामानाबद्दल स्पष्ट सांगायला हवं. बीएम-८०० या नावाने मिळणारा कंडेन्सर, सोबत एक्सएलआर ते ३.५ मिमी केबल आणि लॅपटॉपच्या जॅकला थेट जोडणी. कंडेन्सरला सहसा ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते, लॅपटॉपचा जॅक काही व्होल्टच देतो. परिणाम: आवाज बारीक, ‘स्स्स्स’ मोठा, आणि दोष मात्र खोलीला. तो माइक फेकायची गरज नाही. वेगळा फँटम पॉवर सप्लाय किंवा इंटरफेस लावून एकदा ऐका. कॉलरला लावायचा बोया बीवाय-एम१ असेल तर त्यावरचं बटण बघा: फोनसाठी एक बाजू, कॅमेऱ्यासाठी दुसरी. कॅमेऱ्याच्या बाजूला तो आतल्या एलआर४४ सेलवर चालतो. सेल उतरला की आवाज खोल जातो आणि माणूस नवा माइक शोधायला लागतो.

सेटिंग, जे आपोआप बदलतं

‘परवापर्यंत नीट होतं, आज बिघडलं’ याचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं. अपडेटनंतर किंवा केबल काढून लावल्यावर लॅपटॉप गुपचूप स्वतःच्या आतल्या माइकवर जातो. प्रत्येक वेळी सुरू करण्याआधी तुमच्या माइकच्या जाळीवर नखाने हलकंसं खाजवा. ते हेडफोनवर जवळून, ठळक ऐकू आलं नाही तर रेकॉर्ड होणारा माइक दुसराच आहे.

विंडोजमधलं ऑडिओ एन्हान्समेंट आणि कॉलच्या अ‍ॅपमधलं आपोआप आवाज वाढवणारं सेटिंग बंद करा. ते चालू असलं की तुम्ही थांबलात की ते गेन चढवतं आणि प्रत्येक वाक्यानंतर खोलीचा नॉइज श्वास घेतल्यासारखा वर येतो. ब्लू येतीसारखा माइक असेल तर त्याच्या टोकावर नाही, बाजूने बोलायचं असतं. आणि लेव्हल: नेहमीच्या बोलण्याची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास, मोठ्या हसण्याला उणे ६च्या पुढे नको. २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर हळू रेकॉर्ड झालेलं नंतर वाढवता येतं. फाटलेला आवाज शिवता येत नाही.

नॉइज रिडक्शन शेवटी, आणि थोडंच. आधी ८० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर (त्याखालच्या फ्रिक्वेन्सी कापणारा), मग उरलेल्या नॉइजवर सहा-आठ डेसिबलची कपात. त्याहून जास्त लागत असेल तर वर जाऊन पुन्हा कारण शोधा. अपलोड करण्याआधी लाउडनेस बघा. अ‍ॅपल पॉडकास्ट तो उणे १६ एलयूएफएसच्या (लाउडनेस मोजायचं एकक) आसपास आणि शिखर उणे १ डेसिबलच्या आत ठेवायला सांगतं. हे जमलं की तुमचा भाग ऐकताना श्रोत्याला आवाजाचं बटण चढवावं लागत नाही, आणि बटण चढलं नाही की उरलासुरला नॉइजही वर येत नाही.

पावसाळ्यात आणि लाइट गेल्यावर

कोकणात, मुंबईत, गोव्यात जून उजाडला की कंडेन्सर माइक अचानक चटचट करायला लागतात. आतला पडदा आणि त्यामागची पट्टी यांच्यावरचा विद्युतभार दमट हवेमुळे गळतो, त्याचा तो आवाज. माइक घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. एसीच्या गार खोलीतून दमट हवेत आणला तर लगेच चालू करू नका, थोडा वेळ तसाच राहू द्या. डायनॅमिकला हा त्रास जवळपास नसतो; किनारपट्टीवर तो घेण्याचं हे आणखी एक कारण. जॅक आणि पिना काळवंडल्या असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारा, खरखर बरीच कमी होते.

लाइट गेली आणि इन्व्हर्टर लागला की आवाज बदलतो, हेही खरं. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर पंखा आणि अडॅप्टर दोन्ही गुरगुरतात. साइन वेव्हवर हा त्रास फार कमी. लोडशेडिंगच्या गावात रेकॉर्ड करत असाल तर लॅपटॉप बॅटरीवर, पंखा बंद, आणि तेवढी वीस-पंचवीस मिनिटं उरकून घ्या.

पाहुणा दुसऱ्या गावी असेल तर

तुमची बाजू स्वच्छ झाली तरी पुण्यातून बोस्टनला किंवा लातूरला बोलताना पाहुण्याची बाजू बिघडते. त्याला ब्लूटूथ इअरबड काढायला सांगा. त्यांचा माइक चालू झाला की बहुतेक इअरबड कॉलच्या मोडमध्ये जातात आणि आवाज टेलिफोनचा होतो, नेट कितीही चांगलं असो. वायरचा साधा इअरफोन त्याहून बरा. पाहुण्याचा आवाज स्पीकरवर लावू नका, तो तुमच्या माइकमध्ये परत शिरतो.

जमलं तर दोघांनीही आपापल्या बाजूला स्वतंत्र रेकॉर्ड करा, पाहुण्याने नुसत्या फोनच्या रेकॉर्डरवर केलं तरी चालेल. दोघांनीही सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते) ४८ किलोहर्ट्झ निवडा. एकाची फाइल ४८ची आणि प्रोजेक्ट तिला ४४.१ समजून वाजवत असेल, तर आवाज जड आणि संथ होतो, जवळपास नऊ टक्क्यांनी लांबतो. सुरुवातीला कॉलवर ‘एक, दोन, तीन’ म्हणून दोघांनी टाळी वाजवा आणि एडिट करताना दोन्ही टाळ्या एकाखाली एक आणा. नेटवरून आवाज यायला वेळ लागतो, त्यामुळे टाळ्या अगदी अचूक जुळणार नाहीत. पहिल्या प्रश्न-उत्तरावर कानाने थोडं पुढे-मागे करा. तासाभराच्या गप्पांत शेवटी शेवटी दोन्ही ट्रॅक किंचित सरकतात, कारण दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी नसतात. पूर्ण ट्रॅक ताणत बसू नका. दर दहा-पंधरा मिनिटांनी जिथे दोघं गप्प आहेत तिथे कापा आणि पाहुण्याचा तुकडा थोडा सरकवा.